कमरेची गादी, पायाची नस : मायक्रोडिसेक्टॉमी आतून कशी होते

मणक्याचा रुग्ण ओपीडीत बसला की फाइल उघडण्याआधी आम्ही एकच विचारतो : एकूण दुखणं शंभर धरलं तर कंबर किती आणि पाय किती? "कंबर ऐंशी, पाय वीस" असं उत्तर आलं, तर गादीच्या (दोन मणक्यांमधल्या चकतीच्या) ऑपरेशनने त्या माणसाचं फारसं भलं होणार नाही. "कंबरेचं काय नाही हो, पाय कापून टाकावासा वाटतो" असं आलं, की पुढची तपासणी त्या दिशेने जाते. मायक्रोडिसेक्टॉमीत, म्हणजे मायक्रोस्कोपखाली गादीचा बाहेर आलेला तुकडा काढण्यात, दबलेली नस मोकळी होते, त्यामुळे पायाची कळ सुटते. झिजलेली गादी नवी होत नाही, आणि कंबर कमी दुखायला लागलीच तर तो वरचा लाभ समजायचा. पहिल्याच भेटीत हे बोलणं झालं नाही, तर ऑपरेशन उत्तम होऊनही तीन महिन्यांनी रुग्ण नाराज दिसतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

मग कळ कुठून कुठे जाते ते एका बोटाने दाखवायला सांगायचं. मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने येऊन पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्यात उतरली, तर संशय एल-५ नसेवर (कमरेचे मणके आणि त्यांच्या नसा वरून खाली एल-१ ते एल-५, त्याखालच्या त्रिकास्थीची पहिली एस-१). पोटरीच्या मागून टाच, तळवा आणि करंगळीकडे गेली, तर एस-१. मांडीच्या पुढून गुडघा आणि नडगीच्या आतल्या बाजूला गेली, तर एल-४. अख्खा पंजा फिरवून "सगळीकडेच" म्हणणाऱ्या माणसाची तपासणी जास्त सावकाश करावी लागते.

ताकद पाहताना घाई अंगाशी येते. टाचांवर चालवलं की पाऊल वर उचलण्याची कमजोरी दिसते. पोटरीचा स्नायू मात्र इतका दणकट असतो, की चवड्यावर एकदा उभं राहणं कमजोर पायालाही जमतं. म्हणून एका पायावर सलग दहा वेळा टाच उचलायला लावायची. एस-१ दबलेली असेल तर सहाव्या-सातव्या वेळी पाय थकतो. अंगठा वर धरायला सांगून आपल्या बोटाने खाली दाबला, की एल-५चा अंदाज येतो. हातोडीने ठोकल्यावर येणारा घोट्याचा झटका गेला असेल तर एस-१, गुडघ्याचा मंद असेल तर एल-४; एल-५ला असा भरवशाचा झटका नाही. पाय सरळ ठेवून उचलताना तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली, तर नस ताणली जाते आहे. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर गादीचा तुकडा बाहेर आलेला असण्याची शक्यता बरीच वाढते.

पाऊल लुळं पडलेला प्रत्येक जण मणक्याचा नसतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालून जाणारी नस तासन्‌तास उकिडवं बसून दबते. खुरपणी करणाऱ्यांत आणि फरशी बसवणाऱ्यांत ती आठवणीने शोधावी. फरक ओळखायला पाऊल आत वळवायला सांगायचं. ती ताकद शाबूत असेल तर दोष गुडघ्याजवळचा. तीही गेली असेल आणि कुशीवर झोपून मांडी वर उचलतानाही जोर पडत नसेल, तर एल-५. खुब्याचा संधिवात, पायाच्या रक्तवाहिनीतला अडथळा, मधुमेहाने गेलेल्या नसा, पुरळ उठण्याआधीची नागीण ही सगळी सायटिकाची, म्हणजे दबलेल्या नसेने पायात जाणाऱ्या कळेची, सोंगं घेऊन येतात. रात्री वाढणारं दुखणं, बारीक ताप, घटलेलं वजन असं काही असेल, तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आधी मनात यायला हवा.

एमआरआय यानंतर. कारण एमआरआयमध्ये काही ना काही सापडतंच. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत गादीची झीज होती. पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची गादी फुगलेली होती. तेव्हा रिपोर्टातला "बल्ज" (फुगवटा) हा शब्द वाचून कुणी घाबरलं, तर त्याला हे आकडे सांगावेत. पाहायची असते ती जुळणी. रुग्णाची तक्रार, तपासणीतली कमजोरी आणि चित्रातला दाब ही तिन्ही एकाच नसेकडे आणि एकाच बाजूकडे बोट दाखवतात का? दोन जुळली आणि तिसरं नाही, तर थांबायचं.

जुळवताना दोन खाचखळगे असतात. एल-४ आणि एल-५च्या मधली गादी सहसा खाली उतरणाऱ्या एल-५ नसेला दाबते. पण तीच गादी अगदी बाजूला, नस बाहेर पडते त्या छिद्रापाशी सरकली, तर दबते एल-४. गादी तीच, पण नस वेगळी आणि चीरही वेगळ्या जागी, मध्यरेषेपासून बाजूला. दुसरा खळगा मणक्यांच्या मोजणीचा. काहींचा शेवटचा कमरेचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जोडलेला असतो, काहींचा त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा असतो. रेडिओलॉजिस्टने वरून मोजलं आणि सर्जनने ऑपरेशन टेबलावर खालून मोजलं, तर चुकीच्या जागी चीर जाते. यासाठी एमआरआयबरोबर कमरेचा साधा एक्स-रे हवाच. शंका असेल तर मानेपासून मोजलेला पूर्ण मणक्याचा स्कॅन मागवायचा.

सगळं जुळलं तरी लगेच तारीख देत नाही. बहुतेकांच्या पायाची कळ सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरते. बाहेर पडून सुटा झालेला मोठा तुकडा शरीरातल्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात. चित्रात भयंकर दिसणारी गादीच बरेचदा जास्त आटते, हे रुग्णाला पटवणं अवघड जातं. या काळात दाहशामक गोळ्या (किडनी आणि पोट पाहून), जमेल तेवढं चालणं, फार तर एक-दोन दिवस अंथरूण. नसेच्या कळेसाठी प्रिगॅबालिन हे औषध सर्रास लिहिलं जातं. पण ऑस्ट्रेलियातल्या २०९ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) सायटिकाच्या कळेवर ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. कळ झोपू देत नसेल तर नसेच्या मुळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतो. त्याने काही आठवडे मिळतात, आणि त्या आठवड्यांत कित्येकांचं ऑपरेशन टळतं.

थांबण्याची किंमत काय, हे नेदरलँड्समधल्या अभ्यासाने चांगलं दाखवलं (२००७). सहा ते बारा आठवडे सायटिका असलेले २८३ रुग्ण, निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांनी वाट पाहिली. बरं वाटायला ऑपरेशनवाल्यांना सरासरी चार आठवडे लागले, वाट पाहणाऱ्यांना बारा. वर्षअखेर दोन्ही गट सारखेच. वाट पाहणाऱ्यांतल्या ३९ टक्के लोकांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे ऑपरेशनने मुख्यतः वेळ वाचतो. ज्याची रोजंदारी बुडते त्याच्यासाठी आठ आठवडे खूप असतात. ज्याला रजा आहे आणि कळ सोसवते, त्याने खुशाल थांबावं.

थांबायचं नाही अशी परिस्थिती मात्र ठाऊक हवी. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, दोन्ही पायांत एकदम कमजोरी : हे रात्री दोन वाजता दिसलं तरी रात्री दोनलाच एमआरआय. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात २०० मिलिलिटरपेक्षा जास्त उरलं असेल, तर संशय पक्का होतो. अशी केस दुसऱ्या दिवसाच्या यादीत ढकलली, की लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. पावलाची ताकद दिवसागणिक घसरत असेल तरी सहा आठवडे वाट पाहण्याचा नियम गुंडाळून ठेवायचा.

तारीख ठरली की औषधांची यादी घेऊन बसायचं. रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी बंद, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाही. मधुमेहात एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) आठच्या वर असेल आणि पायाची ताकद शाबूत असेल, तर आधी साखर आटोक्यात आणतो. तंबाखू, मिश्री, गुटखा याबद्दल वेगवेगळं विचारावं लागतं. "सिगारेट ओढत नाही" म्हणणारी व्यक्ती रोज दोनदा मिश्री लावत असते, आणि निकोटिन ते निकोटिनच. ऑपरेशनआधी घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास बंद.

ऑपरेशनचा परिणाम मोजायचा असेल तर संशोधनाचे फॉर्म याच दिवशी भरून घ्यायचे, कारण ऑपरेशननंतर "आधी किती दुखत होतं?" असं विचारून मिळालेला आकडा कामाचा नसतो. पायाची कळ आणि कंबरेची कळ यांना शून्य ते दहा असे दोन वेगळे गुण द्यायचे. एकच गुण घेतला तर ऑपरेशनने नक्की काय सुधारलं ते कधीच कळत नाही. त्याखेरीज कंबरदुखीने रोजचं जगणं किती अडतं ते मोजणारा ओस्वेस्ट्री निर्देशांक, म्हणजे ओडीआय : दहा विभाग, प्रत्येकाला शून्य ते पाच, एकूण पन्नास, आणि त्याची टक्केवारी. गुण जितके जास्त तितकं अपंगत्व जास्त. त्याची मराठी आवृत्ती भारतीय रुग्णांवर तपासून २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. तीच वापरावी, ओपीडीतल्या सिस्टरने तोंडी भाषांतर करून विचारू नये. लैंगिक आयुष्याचा विभाग बहुतेक जण कोरा सोडतात, विशेषतः सासू किंवा मुलगा शेजारी बसलेला असेल तर. मग बेरीज पन्नासऐवजी पंचेचाळीसवर काढायची. कोऱ्या जागी शून्य टाकलं तर रुग्ण कागदावर उगाच बरा दिसतो, आणि डेटा एन्ट्रीत ही चूक सर्रास होते.

टेबलावर अर्धी लढाई रुग्णाला पालथं घालण्यात असते. भूल दिल्यावर चौघांनी मिळून फिरवायचं. छातीखाली आणि कमरेच्या हाडांखाली आधार, पोट मात्र पूर्ण मोकळं लोंबतं. पोट दाबलं गेलं की तिथल्या मोठ्या शिरेतलं रक्त मणक्याभोवतीच्या शिरांत परत चढतं, आणि मायक्रोस्कोपखाली दोन मिलिमीटरच्या शिरेतून येणारं रक्त सगळं चित्र झाकून टाकतं. रक्त थांबत नाही अशी तक्रार सर्जन करू लागला, की अनुभवी भूलतज्ज्ञ आधी चादरीखाली हात घालून पोट पाहतो. डोळ्यांवर दाब नाही, कोपरांखाली मऊ गादी, हात खांद्यापासून नव्वद अंशांच्या आत. चीर घेण्याआधीच्या तासाभरात सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम शिरेतून.

मग लेव्हल, म्हणजे नेमका मणका कोणता ते. सुई टोचून सी-आर्मवर (टेबलाशी लावलेल्या एक्स-रे यंत्रावर) बाजूने फोटो, त्रिकास्थीपासून वर मोजणी, आणि समोरच्या फळीवर लावलेल्या एमआरआयशी ताडून पाहणं. बाजू कोणती, हे मोठ्याने बोलून खात्री. हाड उघडं केल्यावर मणक्याच्या मागच्या कमानीखाली उपकरण ठेवून पुन्हा फोटो. दुसरा फोटो टाळण्याचा मोह होतो, कारण पहिला बरोबरच होता. पण स्थूल माणसात त्वचेपासून हाडापर्यंत जाताना सुईची दिशा सहज एका मणक्याने चुकते.

चीर अडीच ते तीन सेंटिमीटरची. फॅशिया (स्नायूंवरचा पडदा) मध्यरेषेलगत उघडून स्नायू हाडावरून बाजूला, ते बाजूला धरून ठेवणारा रिट्रॅक्टर, मग मायक्रोस्कोप. १९३४मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी गादी आणि सायटिकाचा संबंध जगापुढे ठेवला, तेव्हा हेच काम कमान उडवून मोठ्या चिरेतून होत असे. मायक्रोस्कोपची पद्धत यासारगिल आणि कास्पर यांनी १९७७मध्ये मांडली. "दुर्बिणीने करता का?" हे आता हटकून विचारलं जातं. नळीतून केलेल्या आणि नेहमीच्या मायक्रोडिसेक्टॉमीची तुलना २००९मध्ये ३२८ रुग्णांवर झाली, आणि नळीवाले काही सरस निघाले नाहीत. ज्या सर्जनचा ज्या पद्धतीत हात बसला आहे ती पद्धत घ्यावी, असं आमचं मत.

एल-५–एस-१ला दोन कमानींमधली खिडकी रुंद असते, हाड कधी कधी काढावंच लागत नाही. एल-४–एल-५ला वरच्या कमानीची खालची कड ड्रिलने किंवा हाड कुरतडणाऱ्या केरिसन पंचने काही मिलिमीटर काढतो. सांध्याचा आतला भाग फक्त गरजेपुरता. निम्म्याहून जास्त गेला तर तो मणका पुढे डगमगू लागतो. खाली पिवळा लिगामेंट. तो उघडल्यावर चरबी, आणि त्याखाली नस. इथला नियम कडक : नसेची बाहेरची कडा स्पष्ट दिसेपर्यंत सुरी खाली न्यायची नाही. क्वचित दोन नसा एकाच आवरणातून निघतात. त्या जोडनसेला फुगलेली गादी समजून कापणं, ही या ऑपरेशनमधली सर्वांत वाईट चूक. कडा सापडली की नस हलकेच मध्याकडे सरकवायची आणि दर काही मिनिटांनी रिट्रॅक्टर सैल करायचा. सतत ताणलेली नस ऑपरेशननंतर बधिर होऊन बदला घेते.

तुकडा निघतो तो बहुधा खेकड्याच्या मांसासारखा, पांढरा आणि तंतुमय. तो आल्यावर लाल, ताठ नस सैल पडते आणि ठोक्याबरोबर हलू लागते. पुढे गादीच्या आत किती खरवडायचं यावर वाद आहेत. भरपूर काढली तर गादी पुन्हा बाहेर येण्याचं प्रमाण घटतं, पण कंबर जास्त दुखते. आम्ही सुटे तुकडे काढतो आणि सलाईनने धुतो, हाडाच्या पृष्ठभागापर्यंत खरवडत नाही. तुकडे काढायच्या चिमट्यावर, म्हणजे रॉन्जरवर, तीन सेंटिमीटरची खूण असते, त्यापलीकडे जायचं नाही. गादीच्या पुढच्या भिंतीमागेच पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. तिथे इजा झाली तर रक्त आपल्या चिरेत दिसेलच असं नाही, ते पोटात साठतं. कारण न दिसता रक्तदाब कोसळला, तर जखम बंद करून रुग्ण उताणा करायचा आणि पोट उघडायला व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवायचं. विचार करायला वेळ नसतो.

त्यापेक्षा खूपदा घडणारी गोष्ट म्हणजे नसांभोवतीचं आवरण फाटणं. स्वच्छ पाणी चमकलं की कॉटनच्या पट्टीने झाकायचं, सक्शन थेट लावायचं नाही, नाहीतर नसेचे धागे ओढले जातात. सहा-शून्यच्या अगदी बारीक धाग्याने टाका, वर फायब्रिन ग्लू, भूलतज्ज्ञाकडून छातीतला दाब वाढवून गळती तपासणं, आणि मग साधारण दिवसभर सपाट झोपवणं. नोंदीत ते लपवू नये. उठून बसल्यावर डोकं दुखतं आणि आडवं झाल्यावर थांबतं, असं रुग्ण चौथ्या दिवशी फोनवर सांगतो, तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरला ती एक ओळ हवी असते.

भूल उतरताच रिकव्हरीतच दोन्ही पावलं वर-खाली करून पाहायची. चार-सहा तासांत उभं करून चालवतो, लघवी झाल्याची खात्री करतो, बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. पहिल्या चोवीस तासांत कळ वाढत गेली, पाय कमजोर पडला किंवा लघवी तुंबली, तर आत रक्त साठलं आहे असं धरून तातडीने एमआरआय.

कळ बहुधा पहिल्याच दिवशी जाते. ताकद यायला आठवडे-महिने लागतात, बधिरपणा सर्वांत शेवटी जातो आणि काहींचा राहतोही. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान पायात पुन्हा कळ डोकावते. ती सुजेची, थोडी औषधं वाढवून उतरते. हे आधी सांगितलेलं असलं तर निम्मे फोन वाचतात. याउलट दोन ते चार आठवड्यांनी, पाय ठीक असताना कंबरेत कूस बदलवू न देणारं दुखणं सुरू झालं, तर गादीतला जंतुसंसर्ग शोधायचा. ताप नसतोच असंही होतं. सीआरपी (रक्तातली दाह दाखवणारी तपासणी) एव्हाना खाली यायला हवं होतं आणि ते चढलेलं सापडतं.

घरी भारतीय बैठकीच्या संडासावर स्टुलाचा कमोड ठेवावा. जमिनीवर मांडी घालणं, कळशी उचलणं, वाकून लादी पुसणं सहा आठवडे बंद. एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये. दुचाकी चार ते सहा आठवड्यांनी, एसटीच्या मागच्या सीट त्याहून नंतर. टेबलाचं काम दोन ते चार आठवड्यांत सुरू होतं, हमाली आणि शेतीला दोन-तीन महिने. खरं सांगायचं तर या निर्बंधांमागचा पुरावा कच्चा आहे, त्यातले बरेचसे आम्ही सवयीने सांगतो. चालण्यावर मात्र पहिल्या दिवसापासून बंदी नाही.

पाठपुरावा सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष, दोन वर्षं. ज्याने ऑपरेशन केलं त्याने फॉर्म भरून घेऊ नये. सर्जनसमोर बसलेला रुग्ण भिडेने एक-दोन गुण कमीच सांगतो. वर्षभरानंतर माणसं येईनाशी होतात. बरी झालेली येत नाहीत आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेलीही येत नाहीत, त्यामुळे न आलेल्यांना "बरे" धरून चालत नाही. दोन वेगळे फोन नंबर पहिल्याच दिवशी घ्यावेत. तुलनात्मक चाचणी करायची असेल, तर एथिक्स कमिटीची मंजुरी, मराठीतलं संमतिपत्र, वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार, आणि सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी. १ एप्रिल २०१८पासून ती पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हावी लागते.

सगळं नियमाने करूनही चाचणी फसते, कारण कोणत्या गटात जायचं याची निघालेली चिठ्ठी माणसं पाळत नाहीत. अमेरिकेतल्या तेरा केंद्रांवरच्या 'स्पोर्ट' अभ्यासात ५०१ जणांना चिठ्ठीने वाटलं होतं. दोन वर्षांत ऑपरेशनच्या गटातल्या ६० टक्के लोकांनीच ते करून घेतलं, आणि बिनऑपरेशनच्या गटातल्या ४५ टक्के लोकांनी ते करून घेतलं. नेमून दिलेल्या गटांप्रमाणे पाहिलं तर मुख्य फरक ठसठशीत दिसेना, प्रत्यक्ष उपचारांप्रमाणे पाहिलं तर मोठा दिसला. एकाच अभ्यासाचे दोन आकडे दोन बाजूंचे लोक आजही एकमेकांच्या तोंडावर फेकतात.

शंभरातल्या पाच-दहा जणांची गादी त्याच जागी पुन्हा बाहेर येते. गादीच्या बाहेरच्या आवरणाला पडलेलं भोक सहा मिलिमीटर किंवा जास्त असेल तर धोका वाढतो, म्हणून ऑपरेशन नोटमध्ये भोकाचं माप लिहायचं. काही महिने पाय मोकळा राहून मग तीच कळ आली, तर एमआरआय गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं, चित्रात उठून दिसणारं औषध) देऊन करायचा : व्रण रंग घेतो, गादीचा तुकडा सहसा घेत नाही. व्रण असेल तर पुन्हा उघडून क्वचितच फायदा होतो. तुकडा असेल तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून, गोळ्या आणि इंजेक्शनसकट. आणि उघडायची वेळ आली, तर जुन्या व्रणाच्या बाजूच्या शाबूत हाडापासून सुरुवात करायची, कारण व्रणाखाली नसांभोवतीचं आवरण चिकटलेलं असतं आणि फाटण्याची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा जास्त. त्याच जागी तिसऱ्यांदा तुकडा आला, किंवा आता पायाइतकीच कंबरही सोसवेना, तर स्क्रू आणि रॉडने ते दोन मणके जोडण्याची चर्चा सुरू होते. तेव्हा उभं राहून, पुढे-मागे वाकून काढलेले एक्स-रे लागतात, आणि ओडीआयचा फॉर्म नव्याने भरून घ्यावा लागतो.